चांदीच्या कागदातली हळद

मी कतारला जाऊन आले हे कळल्यावर सांगलीत भेटेल तो एकच विचारतो, "मग, सोनं किती आणलं?" आणलं नाही हो. मी तिथे नेली होती हळद, दोन छोट्या बाटल्या, आणि त्यातल्या एका बाटलीपायी दोह्यातल्या तीस मराठी माणसांनी उंदरांचं औषध खाल्लं. मीही खाल्लं. दोन वाट्या, वर पुन्हा मागून. घाबरू नका, उंदीर मारायचं नव्हे, उंदरांना बरं करायचं औषध. सगळं नीट क्रमाने सांगते, कारण ही हकिगत आमच्या कॉलेजात माझ्याआधी पोचली आणि पोचेपर्यंत तिची पार वाट लागली होती.

मी सांगलीच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. गेली चार वर्षं माझं काम हळदीवर आहे. हळदीतला जो पिवळा अंश असतो, तो म्हातारपणच्या विसरभोळेपणावर, म्हणजे डिमेन्शियावर, उपयोगी पडेल असं जगभरच्या बऱ्याच जणांना वाटतं. अडचण एवढीच की तो मेंदूपर्यंत पोचतच नाही. म्हणून आम्ही त्याचे अतिसूक्ष्म कण करतो. एका केसाच्या जाडीचे हजार भाग करा आणि त्यातले दोन-तीन उचला, एवढे बारीक. दोन हजार सातच्या मार्चमध्ये दोह्याला या विषयावर परिषद होती आणि माझ्या कामाचं पोस्टर तिथे निवडलं गेलं होतं. दाखवायला म्हणून मी दोन बाटल्या तयार औषध नेलं. उजेडाने ते खराब होतं, म्हणून बाटल्यांना चांदीचा कागद गुंडाळला होता. ही चूक पहिली.

अल दुहैल

दुसरी चूक म्हणजे मी हॉटेल सोडून शैलाकडे उतरले. शैला माझी मामेबहीण. अल दुहैलला एका कंपाउंडमध्ये त्यांचं घर, चौदा सारख्या व्हिला, चौदा सारखे दरवाजे. नवरा विनायक रास लफानला गॅसच्या प्लांटवर सेफ्टी ऑफिसर. आणि वर्षभरापासून विनायकचे वडील यशवंतराव, म्हणजे अण्णा, त्यांच्याकडे आणलेले. आई गेल्यावर कऱ्हाडला त्यांना एकटं ठेवणं शक्यच नव्हतं.

गाडीतून उतरले तर फाटकाशी अण्णाच उभे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मला बघून म्हणाले, "बाई, कऱ्हाडला जायचंय न्हवं? पाच लंबरला लागलीया. पळा, सुटंल."

अण्णा एस.टी.त कंट्रोलर होते, बत्तीस वर्षं. आता समोरचा कोण हे त्यांना कळत नाही, पण त्याची गाडी चुकू नये ही काळजी शाबूत आहे. कंपाउंडमधल्या एका लेबनीज बाईला ते रोज पाटणच्या गाडीत बसवायचे. ती बिचारी "शुक्रन, अंकल" म्हणून आपल्या गाडीत बसायची आणि अण्णा समाधानाने हात दाखवून गाडी सोडायचे.

विनायक मात्र बाजूला तोंड पाडून उभा होता. मागून शैलाने हळूच सांगितलं, "आठ महिने झाले, त्याला ओळखतच नाहीत. दादा म्हणतात." दादा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, अण्णांना शिकवलं ते त्यांनीच. जाऊन वीस वर्षं झाली. विनायक दर वेळी समजावायचा, "अण्णा, मी दादा नाही. मी विनू." अण्णा गोंधळून बघायचे आणि पुन्हा म्हणायचे, "बरं दादा."

आता आखातातल्या मराठी घराचा एक कायदा तुम्हाला माहीत नसणार. भारतातून आलेल्या बॅगेवर पाहुण्याचा हक्क फक्त कपड्यांपुरता. उरलेलं सगळं घराचं. मी पाणी पिईपर्यंत शैलाने माझी बॅग जमिनीवर उलटी केली होती. मेतकूट, कुळथाचं पीठ, भडंग, लिंबाचं लोणचं, एकेका पुडीवर "अगंबाई!" चाललेलं. बाटल्या तिच्या हातात दिसल्यावर मी ओरडून सांगितलं, "ते माझं आहे गं, फ्रिजमध्ये ठेव." ती म्हणाली, "हो हो." हे म्हणताना ती फोनवर कोणालातरी कुळथाची बातमी देत होती, ही तिसरी चूक. चुका मी मोजत बसले होते, पण पुढे नाद सोडला.

रास लफानचं गेट

बुधवारी विनायक म्हणाला, "चला ताई, तुम्हाला आमचं राज्य दाखवतो." दोह्याच्या उत्तरेला तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना करडी सपाट जमीन, झाड नाही, टेकडी नाही, मध्येच एखादा उंट, तोही कुणीतरी विसरून गेल्यासारखा. मी खिडकीबाहेर बघत होते, विनायक नियम सांगत होता. त्याला नियम फार आवडतात.

गेटवर माझा पासपोर्ट मागितला. मी झेरॉक्स दिली. मूळ पासपोर्ट शैलाच्या कपाटात, माझ्या पातळांच्या घडीत. सुरक्षारक्षक नेपाळी होता, गोड हसला आणि मानेनेच नाही म्हणाला. मी विनायककडे बघितलं. म्हटलं, हा इथला साहेब, एक शब्द टाकेल. तर हा बाबा मला म्हणतो, "ताई, मूळ पासपोर्टच लागतो. हा नियम मीच लिहिलाय."

"मग तुमच्या बायकोच्या बहिणीसाठी मोडा की!"

"तिथे गॅस आहे ताई. एक ठिणगी पुरते."

आणि त्याने मला खरोखर रक्षकाच्या खोलीत बसवलं, दोन तास! एसीसमोर बसून मी त्या नेपाळी पोराबरोबर भडंग खाल्लं आणि बाहेर बघत राहिले. कंपनीच्या बसेस येत होत्या, काचेला कंपनीचा बिल्ला लावलेला, आणि आत कोण बसलंय हे न विचारता दांडा वर जात होता. एका कंपनीच्या टेम्पोतून तर कॅन्टीनचा कांदा आत गेला. एम.फार्म., पीएच.डी. बाहेर आणि कांदा आत!

परतीच्या वाटेवर मी रागाने बोलत नव्हते. शेवटी विनायकनेच विचारलं, "तुमचं ते औषध नक्की करतं काय?"

"तुमचंच गेट आहे ते," मी म्हटलं. "मेंदूच्या रक्तवाहिन्यांना असाच पहारा असतो. अनोळखी दिसलं की बाहेर. हळद तिथे माझ्यासारखी झेरॉक्स घेऊन जाते. एक तर वाटेत लिव्हर तिची वाट लावतं, उरलीसुरली गेटवर अडते. आम्ही तिला बारीक कणात भरतो आणि वरून असा लेप देतो की रक्तातली ओळखीची मंडळी त्याला चिकटतात. पहारेकऱ्याला वाटतं, आपलीच बस आली. दांडा वर."

विनायकने गाडी हळू केली. "म्हणजे आत जाते?"

"उंदरांत जाते."

"आणि मग त्यांना आठवतं?"

"पोहायच्या टाकीत पाण्याखाली लपवलेली पायरी कुठे होती, हे विसरलेल्या उंदरांपैकी बऱ्याच जणांना आठवलं."

त्यानंतर घरापर्यंत त्याने एकही नियम सांगितला नाही. मला वाटलं, गेटवर बसवल्याची लाज वाटत असेल.

पोस्टर

परिषदेबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात जेवण सोडून फारसं सांगण्यासारखं काही नाही. समुद्राकाठचं हॉटेल, आत स्वेटर घालायची वेळ आणणारी थंडी. दुपारी मच्छबूस होता, म्हणजे मसालेभात, पण भातावर आख्खी मटणाची तंगडी. मी त्यातल्या वाळवलेल्या लिंबाचा तुकडा आवळा समजून चावला आणि पुढची दहा मिनिटं कोणाशी बोलू शकले नाही.

नेमके त्याच वेळी इजिप्तचे एक वयस्कर डॉक्टर माझ्या पोस्टरसमोर आले. मेंदूचे डॉक्टर, पांढऱ्या भुवया. सगळं शांतपणे वाचून म्हणाले, "तुमचा उंदीर पायरी विसरतो. माझा पेशंट मुलगी विसरतो. हे एकच आहे का?"

मी लिंबू गिळलं. म्हटलं, "ठाऊक नाही." त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, हे उत्तर देणाऱ्या तुम्ही आज पहिल्याच. मला बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. पण ते शब्द मी बरोबर आणले.

शुक्रवारचा पाडवा

आपला पाडवा त्या वर्षी सोमवारी होऊन गेला होता. पण दोह्यात सण पंचांगाने येत नाहीत, सुट्टीने येतात. शुक्रवारी दुपारी तिथल्या मराठी मंडळातली तीस माणसं शैलाच्या दिवाणखान्यात जमली. रास लफानचे इंजिनियर, बँकेतले, एक जण इंडस्ट्रियल एरियात गॅरेज चालवणारे, आणि शेजारचे रत्नागिरीचे दलवाईभाई सहकुटुंब, त्यांनी पापलेट आणलेलं. लहान पोरं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. गुढी एसीच्या बाहेरच्या डब्याला बांधली होती आणि त्या गरम वाऱ्यात ती अशी फडफडत होती, की अण्णा दर पाच मिनिटांनी तिला सुटायची खूण समजून गाडी सोडत होते.

श्रीखंड शैलाने घरी केलं होतं. रंग काय सुरेख! मी पहिली वाटी संपवली, दुसरी मागून घेतली आणि खाता खाता म्हटलं, "केशर अस्सल आहे गं. किंचित कडवट लागतंय, तीच खूण." दलवाईवहिनींनीही मान डोलावली.

"असणारच," शैला म्हणाली. "तूच तर आणलंस."

माझा चमचा तोंडातच राहिला. उठून फ्रिज उघडला. एकच बाटली होती. दुसरी सिंकमध्ये, स्वच्छ विसळून उपडी घातलेली, आणि चांदीचा कागद नीट घडी करून डब्याखाली. "दुधात भिजवून आणलंय एवढं, गुंडाळून," शैला म्हणत होती, "मला वाटलं, माझ्यासाठीच!"

मी तिथेच ओट्याला टेकून हिशेब केला. एक बाटली, तीस माणसं. एकेकाच्या वाट्याला बटाट्याच्या भाजीत जाते त्याहून कमी हळद. कणांचं वेष्टणही पोटाला न बाधणारं. धोका नाही, हे मला माहीत होतं. पण लपवायचं कसं? मी दिवाणखान्यात गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता मला इथून खाली मान घालून विमानतळावर जावं लागणार.

मग मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "मेंदूचं औषध? मग अजून एक वाटी द्या." आणि जी झुंबड उडाली! ज्यांनी डायबेटिसमुळे नको म्हटलं होतं तेही पुढे आले. जोशीवहिनींना तर जागच्या जागी गुण आला, नवऱ्याने सत्त्याण्णव साली कबूल केलेली पैठणी आठवली. जोशी म्हणाले, मला काहीच आठवत नाही, माझा डोस वाढवा.

मीही हसत होते. तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेले अण्णा म्हणाले, "विनू, मठ्ठा दे जरा."

विनायकच्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. ते तसंच राहिलं. "काय म्हणालात अण्णा?"

"मठ्ठा रे. ऐकू येत न्हाई का, विनू?"

शैलाने पदर तोंडाला लावला. दलवाईभाई म्हणाले, "सुभानअल्ला!" विनायकने मठ्ठा ओतला, पेला भरून तो टेबलावर सांडायला लागला तरी ओततच राहिला. आणि मग ते तीसच्या तीस लोक माझ्याकडे बघायला लागले. मला आयुष्यात इतकं घाबरल्यासारखं कधी झालं नव्हतं.

करक

दोह्यात चहाला गाडीतून उतरत नाहीत. टपरीसमोर गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, एक केरळी माणूस धावत येतो. चहाला करक म्हणतात. आपला कडकच तो, फक्त आटवलेल्या दुधाचा. शनिवारी सकाळी विनायक मला तिथे घेऊन गेला, एकटीलाच, तेव्हाच मी समजले.

"ताई, एक बाटली उरलीय."

"नाही."

"मी अजून काही म्हटलंच नाही."

"तुम्ही काय म्हणणार ते त्या चहावाल्यालाही कळलंय. नाही, विनायकराव."

"काल त्यांनी मला हाक मारली. तुम्ही ऐकलीत." त्याने सीटवरून माझ्याकडे तोंड फिरवलं. "आठ महिन्यांत पहिल्यांदा. हळदच तर आहे ना शेवटी?"

"हळदच. पण तिला मी मेंदूत घुसायला शिकवलंय. घुसल्यावर ती काय करते ते मला उंदरांनी सांगितलंय, माणसांनी नाही. अण्णांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तिच्याशी हिचं पटेल की नाही तेही मला ठाऊक नाही. आणि एका वाटी श्रीखंडाने काही होत नसतं. अशा आजारात मध्येच एखादा चांगला क्षण येतो. तो काल आला. माझ्या बाटलीने नाही आणला."

"आणला असेल तर?"

"तर मला शंभर परवानग्या काढून, शंभर माणसांवर तपासून ते सांगावं लागेल. वर्षं लागतील."

"अण्णांकडे वर्षं नाहीत, ताई."

मग मला राग आला, त्याचा नव्हे, माझाच, आणि तो मी त्याच्यावर काढला. "तुम्ही मला गेटमधून आत सोडलंत? तिथे गॅस आहे म्हणालात. आणि तुमच्या बापाच्या डोक्यात काय आहे? वाळू?"

त्याने कागदी पेल्यातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "खलास. विषय संपला." त्याने हॉर्न दिला, पैसे दिले आणि आम्ही घरी आलो. फाटकाशी अण्णा उभे होते. "दादा, आज उशीर केलास," ते विनायकला म्हणाले.

रविवारी निघताना विनायकने बाटली स्वतः बांधून दिली. नवा चांदीचा कागद, बर्फाची पिशवी, वर टेप, वर माझं नाव. इतका समजूतदारपणा बघून मला भरून आलं. मी मूर्ख.

सांगली

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी उरलेलं औषध कणांचा आकार मोजायच्या यंत्रात घातलं. प्रवासाने ते बिघडलं की टिकलं हे बघायचं होतं. यंत्र बराच वेळ गुरगुरलं आणि त्याने जो आकडा दिला तो बघून माझी विद्यार्थिनी अश्विनी म्हणाली, "मॅडम, हे नॅनो नाही, ही खडी आहे."

बाटली उजेडात धरली. पिवळं पाणी, खाली गाळ. वास घेतला तर हिंग. आणि तळाशी, गाळात रुतलेली, एक काळी मोहरी.

फोडणीच्या डब्यातली हळद! त्या शहाण्याने औषध काढून घेतलं होतं आणि बाटलीत हळदीचं पाणी भरलं होतं. एवढा मोठा सेफ्टी ऑफिसर, चोरी करताना चमचा पुसून घेतला नाही. अश्विनी पोट धरून हसत होती. मला हसू येईना. ती अख्खी बाटली म्हाताऱ्याला पाजली असेल तर?

तिथूनच दोह्याला फोन लावला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "घेतलीत ना?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग, "घेतली ताई. पण दिली नाही."

"खरं सांगा!"

"शैलाची शपथ. चमच्यात काढली होती. अण्णा आ करून बसले होते. मग तोंड मिटलं आणि त्यांनी विचारलं, 'दादा, हे कशाचं औषध?' आणि मला सांगता येईना. आमच्याकडे नियम आहे. पाइपात काय आहे हे ज्या कामगाराला सांगता येत नाही, त्याला तो पाइप उघडायला लावायचा नाही. ओतली सिंकमध्ये."

पाच महिन्यांची मेहनत सिंकमध्ये! मी दोन मिनिटं त्याला जे काही बोलले ते इथे छापता येणार नाही. अश्विनी खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. मग मीच दमले आणि विचारलं, "कसे आहेत अण्णा?"

"दादाच म्हणतात. ताई, मी दर वेळी सांगायचो ना, मी दादा नाही म्हणून? ते ऐकलं की ते घाबरायचे. परवा नाही सांगितलं. त्यांनी 'दादा' म्हटलं, मी म्हटलं, 'काय रे यशवंता?'"

"मग?"

"मग बोलायला लागले. इतकं तर माझ्याशी आयुष्यात बोलले नव्हते. म्हणाले, 'दादा, माझा विनू परमुलखात असतो. लई राबतो, पर सांगत न्हाई. डेपोतला राग म्या त्या पोरावर काढला, लई मारला. त्याच्यापाशी बोलायचं ऱ्हाऊनच गेलं बघ. तुला कुठं भेटला तर सांग त्याला, बाप तुझी वाट बघतो म्हणून.'"

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, 'सांगतो.'"